एचआयव्हीची गोळी: कोणती उपाशीपोटी, कोणती जेवणासोबत

गोळी रोज ठरल्या वेळी घेतली, एकही चुकली नाही, तरी व्हायरल लोड (रक्तातले विषाणूचे प्रमाण) खाली येत नाही. अशा वेळी पहिला प्रश्न पोटाबद्दल विचारावा: गोळी घेतली तेव्हा पोटात काय होते? काही औषधांच्या बाबतीत ‘जेवणासोबत’ ही सूचना पोट बिघडू नये एवढ्यासाठी नसते. जेवणाशिवाय औषध रक्तात पुरेसे उतरतच नाही. आणि पातळी सतत कमी राहिली, की विषाणू त्या औषधाला दाद देईनासा होतो.

आधी डबीवरची घटकद्रव्ये वाचा

एका गोळीत बहुतेक वेळा दोन-तीन औषधे एकत्र असतात. ब्रँडचे नाव बाजूला ठेवून आतल्या औषधांची नावे पाहा. त्यातल्या सर्वांत नाजूक औषधाचा नियम पूर्ण गोळीला लागू होतो. टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन, अबॅकाव्हिर, डोराव्हिरिन यांना जेवणाने फारसा फरक पडत नाही. शोधायचे ते बाकीच्यांना.

जेवण लागतेच अशी औषधे

सर्वांत हट्टी औषध रिल्पिव्हिरिन. 25 मिलिग्रॅमची ही छोटी गोळी उपाशीपोटी घेतली, तर रक्तातले प्रमाण सुमारे 40 टक्क्यांनी घटते. नुसते प्रथिनांचे पेय पिऊन घेतली, तर घट 50 टक्क्यांपर्यंत जाते. म्हणजे प्रोटीन शेक हे इथे जेवण नव्हे. चावून खाल्लेले, साधारण 400 ते 500 कॅलरींचे पूर्ण जेवण हवे. चहा-बिस्किटे चालत नाहीत. जे जेवण तुमचे कधीच चुकत नाही, त्याच्याशी ही गोळी बांधा. बहुतेकांचे ते रात्रीचे असते.

एट्राव्हिरिनही जेवणानंतरच घ्यावी, नाहीतर शोषण निम्म्यावर येते. रिटोनाव्हिरसोबत दिले जाणारे दारुनाव्हिर उपाशीपोटी सुमारे 30 टक्के कमी पडते, पण त्याला जेवण कोणते याची फिकीर नसते. अटाझानाव्हिर आणि एल्व्हिटेग्राव्हिर हीसुद्धा जेवणासोबतच.

उलटा नियम: एफाव्हिरेंझ

इथे जेवण शोषण वाढवते, आणि तेच नको असते. तेलकट-तुपकट जेवणासोबत 600 मिलिग्रॅमची गोळी घेतली, तर रक्तातली कमाल पातळी सुमारे 79 टक्क्यांनी चढते. मग चक्कर, गुंगी आणि विचित्र, स्पष्ट स्वप्ने. म्हणून जेवणानंतर निदान दोन तास जाऊ द्या आणि झोपण्याआधी रिकाम्या पोटी गोळी घ्या. रात्री उशिरा भरपेट जेवून लगेच गोळी घेण्याची सवय असेल, तर सकाळच्या डोकेजडपणाचे कारण तिथेच शोधा.

डोल्युटेग्राव्हिर: जेवणाशी भांडण नाही, खनिजांशी आहे

हे औषध जेवणासोबत घ्या किंवा जेवणाशिवाय, दोन्ही चालते. त्यामुळे लोक निर्धास्त होतात आणि नेमके चुकतात दुसरीकडे. ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम, लोह, जस्त हे धातू आतड्यात या औषधाला बांधून ठेवतात आणि बांधलेले औषध रक्तात जात नाही. ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमचे अँटासिड याच्यासोबतच घेतले, तर औषधाचे प्रमाण सुमारे 74 टक्क्यांनी उतरते. उपाशीपोटी लोहाच्या गोळीबरोबर घेतले तर सुमारे 54, कॅल्शियमबरोबर घेतले तर 39 टक्क्यांनी.

सांभाळायचे असे:

1. अँटासिड घेणार असाल, तर डोल्युटेग्राव्हिर त्याच्या 2 तास आधी किंवा 6 तासांनंतर घ्या. गोळी रात्री 9 वाजता असेल, तर अँटासिड दुपारी 3 पर्यंत किंवा रात्री 11 नंतर.
2. कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळीला सोपी वाट आहे: दोन्ही एकाच वेळी, पण जेवणासोबत. अन्न असले की घट जवळपास नाहीशी होते. रिकाम्या पोटी घ्यायची, तर वरचेच 2 आणि 6 तासांचे अंतर.
3. मल्टिव्हिटॅमिन आणि टॉनिकच्या बाटलीवरही लोह, जस्त, कॅल्शियम आहे का ते वाचा. गर्भवतींनी तर नक्कीच, कारण त्यांना लोह आणि कॅल्शियम नेहमीच दिले जाते.

बिक्टेग्राव्हिरलाही थोड्याफार फरकाने हेच लागू आहे.

ॲसिडिटीच्या गोळ्या

रिल्पिव्हिरिन विरघळायला पोटात आम्ल लागते. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल यांसारख्या गोळ्या ते आम्ल बंद करतात, म्हणून रिल्पिव्हिरिनसोबत त्या पूर्ण वर्ज्य. फॅमोटिडिन चालते, पण रिल्पिव्हिरिनच्या 12 तास आधी किंवा 4 तासांनंतर. साधे अँटासिड 2 तास आधी किंवा 4 तासांनंतर. अटाझानाव्हिरलाही आम्ल लागते. त्याच्यासोबत ॲसिडिटीचे कोणतेही औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. दुकानातून गोळी आणताना ‘ॲसिडिटीची द्या’ एवढेच सांगणे इथे महागात पडते. तुम्ही कोणती एचआयव्हीची गोळी घेता हे फार्मासिस्टला सांगायला संकोच वाटत असेल, तर निदान गोळीतल्या औषधाचे नाव चिठ्ठीवर लिहून दाखवा.

उलटी झाली, जेवण हुकले, गोळी गिळवेना

रिल्पिव्हिरिन घेतल्यावर 4 तासांच्या आत उलटी झाली, तर जेवणासोबत दुसरी गोळी घ्या. टेनोफोव्हिर असलेल्या गोळीसाठी ही मुदत 1 तासाची. त्यानंतर उलटी झाली तर पुढचा डोस नेहमीच्या वेळी.

जेवणच नाही म्हणून डोस सोडू नका. डोल्युटेग्राव्हिरचा प्रश्नच येत नाही, ते उपाशीपोटी घेता येते. रिल्पिव्हिरिनवर असाल तर जे खाता येईल ते खाऊन घ्या. पण जेवण वारंवार हुकत असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. अशा माणसाला जेवण न लागणारे औषध देता येते.

गोळी मोठी वाटते म्हणून कुटू नका. लोपिनाव्हिर-रिटोनाव्हिरची गोळी चुरून मुलांना दिली, तेव्हा रक्तात जवळपास निम्मेच औषध उतरल्याचे आढळले आहे. मुलांसाठी डोल्युटेग्राव्हिरची पाण्यात विरघळणारी वेगळी गोळी मिळते. ती साध्या पाण्यात विरघळवून 30 मिनिटांच्या आत पाजावी आणि भांड्याला चिकटलेला अंशही थोड्या पाण्याने हलवून पाजावा.