'रेव्ह' चालवताय? या चुका टाळा

ओळीतली अक्षरं मागून पुढे लावणं, एवढंच लिनक्सच्या 'रेव्ह' कमांडचं काम. तरी माझ्याकडे नाशिकला लिनक्स शिकायला येणारी पोरं दर बॅचला त्याच खड्ड्यात पडतात.

पहिला खड्डा, जी फाइल वाचतोय तिच्यातच निकाल वळवणं: 'रेव्ह यादी > यादी'. मागे एका कांदा व्यापाऱ्याकडे बसलो होतो. लासलगाव-पिंपळगावच्या भावांची फाइल, दर ओळीच्या शेवटी. शेवटचा रकाना हवा, तर रेव्हने ओळ उलटायची, 'कट'ने पहिला रकाना कापायचा आणि परत रेव्हने सरळ करायचं. माझ्या विद्यार्थ्याने घाईत निकाल त्याच फाइलीत वळवला. ना एरर, ना इशारा. फाइल बघितली तर शून्य बाइट! '>' दिसलं की शेल, म्हणजे आपल्या कमांड चालवणारा प्रोग्राम, आधी फाइल रिकामी करतं, मग रेव्हला हाक मारतं. तोवर वाचायला उरलेलं काही नसतं. "सर, अनडू कुठाय?" टर्मिनलमध्ये अनडू? शेटजींच्या व्हॉट्सअ‍ॅपवर जुनी प्रत सापडली म्हणून वाचलो. तेव्हापासून माझी सवय: निकाल आधी पडद्यावर, मग नव्या फाइलीत, जुनीला हात सगळ्यात शेवटी. 'सेट -ओ नोक्लॉबर' लावलंत तर असलेल्या फाइलीवर लिहायला शेलच अडवतं, पण त्याच्या भरवशावर झोपू नका.

दुसरा रेव्ह विसरलात तर १८५० चा भाव ०५८१ होतो. आणि २११२ असला तर चूक कळतही नाही.

ओळींचा क्रम उलटायचा असेल तर 'टॅक' कमांड. रेव्हला दोष देऊ नका.

विंडोजवरून आलेल्या फाइलीवर आधी 'डॉसटूयुनिक्स' कमांड चालवा. नाहीतर विंडोजने ओळीच्या टोकाला ठेवलेलं जास्तीचं अदृश्य चिन्ह उलटताना सुरुवातीला येतं.

आता माझं खरं दुखणं, मराठी. 'नाशिक' उलटा: 'किशान' मिळतं. बरं दिसतं म्हणून पोरं खूश! पण हवं होतं 'कशिना'. रेव्ह अक्षर बघत नाही, युनिकोडचा, म्हणजे संगणकात प्रत्येक लिपीचिन्हाला दिलेल्या क्रमांकांच्या पद्धतीचा, एकेक संकेत बघतं. काना आणि वेलांटी त्याच्या लेखी सुटे मणी, म्हणून शची वेलांटी कला चिकटली आणि नचा काना शला. 'त्र्यंबक' करून बघा, 'कबंय्र्त' येतं, मग पटेल. मी पर्ल या प्रोग्रामिंग भाषेत '\एक्स' ने अक्षरगट तोडून ते उलटतो. जुन्या पर्लमध्ये जोडाक्षर तरीही फुटतं, तिथे हाताने तपासतो. कंटाळवाणं आहे. पण एका ओळीचा शॉर्टकट मागणाऱ्याला मी आधी त्र्यंबकच उलटायला लावतो.