एकदाच विचारतात: जर्मनीतल्या शाळेतलं माझं वर्ष

पहिल्या रात्री मी अर्धपोटी झोपले. जर्मनीत पोचून जेमतेम सहा तास झाले होते. गॉटिंगनजवळचं एक छोटं गाव, टेबलावर ब्रेड, लोणी, चीज, काकडीच्या चकत्या. रात्रीचं जेवण तिथे बऱ्याच घरांत असं थंडच असतं, त्याला 'आबेंडब्रोट' म्हणतात. एक स्लाइस संपल्यावर होस्ट आईने, म्हणजे मी ज्या घरी वर्षभर राहणार होते तिथल्या आईने, विचारलं, "अजून घेणार?" मी म्हटलं, "नाइन, डांके." नको, धन्यवाद. आणि तिच्या पुढच्या वाक्याची वाट बघत राहिले. "अगं घे की, एवढ्याने काय होतंय" हे वाक्य कुठल्याही घरात, कुठल्याही भाषेत येणारच, असं मी धरून चालले होते. ती हसली, मान हलवली आणि ब्रेडची परडी उचलून आत घेऊन गेली.

असं चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी माझ्या खोलीत बिस्किटांचे रिकामे पुडे तिच्या नजरेस पडले, तेव्हा तिने मला समोर बसवून सरळ विचारलं. मी मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सगळं सांगितलं. तिला आधी काही उलगडेना. मग म्हणाली, "तू नको म्हणालीस. मी पुन्हा विचारलं असतं तर तुझ्या बोलण्यावर माझा विश्वास नाही, असं झालं असतं ना?"

तेव्हा मी सोळा वर्षांची होते. पुढच्या दहा महिन्यांत जे जे वेगळं वाटलं, खटकलं, आवडलं, त्यातलं बरंचसं फिरून याच वाक्यापाशी येतं. आग्रहाला मी माया समजत होते आणि तिला तोच आग्रह अविश्वास वाटत होता. पंधराव्या-सोळाव्या वर्षी असं शिकायला निघालेल्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी हे लिहिते आहे.

कागदपत्रांचं थोडक्यात. शाळेतल्या मुलांची देवाणघेवाण एएफएस आणि रोटरीसारख्या संस्था कित्येक दशकांपासून करतात. एएफएसचे शालेय कार्यक्रम १९४७ पासूनचे आहेत. ९० दिवसांपेक्षा जास्त राहायचं असेल तर राष्ट्रीय व्हिसा लागतो, आणि घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेत नाव नोंदवावं लागतं. जर्मनीत १६ राज्यं आहेत आणि शालेय शिक्षण हा राज्यांचा विषय आहे, त्यामुळे बव्हेरियात राहून आलेल्या ताईने सांगितलेलं सगळंच लोअर सॅक्सनीत, म्हणजे गॉटिंगनच्या राज्यात, लागू पडेल असं नाही. बाकी संस्था सांगतेच. जे सांगून समजत नाही, त्याकडे वळते.

शाळेत मी पहिले दोन महिने अगदी शहाण्यासारखी वागले. वेळेवर जायचं, वही नीट ठेवायची, बाई शिकवत असताना मध्ये बोलायचं नाही. पहिल्या चाचणीत इतिहासाच्या लेखी पेपरात २ मिळाले. तिथे १ सर्वांत चांगला आणि ६ सर्वांत वाईट, तेव्हा २ म्हणजे छानच. तोंडी कामगिरीत मात्र ५. म्हणजे जवळजवळ नापास. मी कधीही गडबड केली नव्हती, मग असं का, म्हणून विचारायला गेले. बाई म्हणाल्या, "तू काय विचार करतेस हे मला ठाऊकच नाही. मी गुण कशाला देऊ?"

वर्गात बोलण्याला तिथे खरंच गुण असतात. आमच्या शाळेत तर बहुतेक विषयांत जवळजवळ निम्मा वाटा त्याचाच होता. आणि बोलणं म्हणजे नुसतं बरोबर उत्तर देणं नाही. माझ्या शेजारचा मुलगा बाईंना तोंडावर म्हणाला, "मला हे तसं वाटत नाही." माझ्या पोटात गोळा आला. बाईंनी विचारलं, "का?" त्याने कारणं दिली, त्यांनी दोन खोडून काढली, एक मान्य केलं, आणि तास पुढे गेला. मधल्या सुट्टीत दोघं व्हरांड्यात मजेत गप्पा मारत होते. मताला विरोध केला म्हणजे माणसाचा अपमान केला, ही जोडणी माझ्या डोक्यात इतकी घट्ट होती की ती सैल व्हायला हिवाळा संपावा लागला.

मला उपयोगी पडलेली युक्ती सांगते. आदल्या रात्री धडा वाचून एकच प्रश्न जर्मनमध्ये लिहून ठेवायचा आणि तास सुरू झाल्यावर पहिल्या दहा मिनिटांत तो विचारून टाकायचा. उशीर झाला की चर्चा वेग घेते आणि परकी भाषा बोलणाऱ्याला मध्ये शिरायला जागा मिळत नाही. प्रश्नातलं व्याकरण चुकलं तरी कुणी हसलं नाही. आणि हो, बोलायचं असेल तेव्हा पूर्ण पंजा उगारण्याऐवजी फक्त तर्जनी वर करायची. ताठ हात आणि उघडा पंजा त्या देशात नाझी सलामीची आठवण करून देतो, हे माझ्या लवकरच लक्षात आलं.

त्याच आठवणीची ही गोष्ट. निघताना आजीने माझ्या नव्या वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाने स्वस्तिक काढून दिलं होतं. एकदा इतिहासाच्याच तासाला वही उघडी राहिली. शेजारच्या मुलीचं लक्ष गेलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. तिने हात लांब करून वही हळूच मिटली. तास संपल्यावर मला कोपऱ्यात नेऊन म्हणाली, "हे इथे कुणाला दाखवू नकोस." नाझी चिन्हं जाहीरपणे मिरवणं हा जर्मन दंडसंहितेच्या कलम ८६ अ नुसार गुन्हा आहे. कायद्याचा रोख आपल्या स्वस्तिकावर नाही. पण बघणाऱ्याच्या डोळ्यांना आधी दिसतं ते नाझींचं चिन्ह.

मला रडू आलं. आजीचा हात, तिचं कुंकू, आणि त्यावरून कुणी असं दचकावं! घरी येऊन होस्ट आईला सांगितलं, तिने बाईंना फोन केला, आणि बाईंनी मला वर्गापुढे दहा मिनिटं बोलायला सांगितलं. तीन संध्याकाळी तयारी केली. आमच्याकडे हे दारावर काढतात, वहीखात्याच्या पहिल्या पानावर काढतात, शब्दाचा अर्थच 'शुभ असो' असा आहे, आणि हे हजारो वर्षांपासून चालत आलंय, असं सगळं सांगितलं. मुलांनी मन लावून ऐकलं. शेवटी एक मुलगी म्हणाली, "समजलं. तरीही मला ते बघवत नाही." मला ते वाक्य लागलं. पण आज वाटतं, त्या वर्षात माझ्याशी कुणी इतकं खरं बोललं नव्हतं.

पुढे वर्गाबरोबर हानोव्हरला गेलो, तेव्हा त्याच मुलीने मला फुटपाथमध्ये बसवलेला एक पितळी दगड दाखवला. हे 'श्टोल्परश्टाइन', नाझींनी छळलेल्या-मारलेल्या माणसांच्या आठवणीचे, साधारण १० सेंटीमीटरचे चौकोन. गुंटर डेमनिग या कलाकाराने १९९२ मध्ये हे काम सुरू केलं आणि २०२३ मध्ये अशा दगडांची संख्या एक लाखावर गेली. बहुतेकांवर सुरुवात एकच असते, 'इथे राहत होते'. मग नाव, जन्मवर्ष, कधी नेलं, कुठे मारलं. ज्या घरातून माणसाला ओढून नेलं, त्याच घरासमोर. वाचायला खाली वाकावं लागतं. तिने वाकून नाव मोठ्याने वाचलं, मग मीही वाचलं. वाईट घडलेलं न बोलता विसरून जावं, असं मी लहानपणापासून ऐकत आले होते. इथे ते रस्त्यात कोरून ठेवलं होतं.

म्हणून जाणाऱ्यांना कळकळीने सांगते: सुटकेस, मोबाइल कव्हर, लॉकेट, टी-शर्ट यांवर स्वस्तिक असेल तर ते घरीच ठेवा. खोलीत देव मांडणार असाल तर घरच्यांना आधी अर्थ सांगा, मग मांडा. लपवू नका, आणि त्यांना आपोआप समजेल असंही धरून चालू नका.

भाषेबद्दल एक आनंदाची गोष्ट. माझ्या बॅचमधली ब्राझिलची मुलगी 'फिअर-उंट-त्स्वान्त्सिश' म्हणजे 'चार-आणि-वीस' या उलट्या मोजणीवर रोज वैतागायची. आपलं 'चोवीस' तसंच तर आहे, आधी एकक, मग दशक! लिंगंही तीन, तो-ती-ते. 'डू' आणि 'झी' म्हणजे तू आणि तुम्ही. मराठी माणसाला जर्मनमध्ये शिरायला बऱ्याच ओळखीच्या वाटा आहेत. पण एका ठिकाणी मराठीनेच मला फसवलं. 'हाल्ब फिअर' म्हणजे 'अर्धा चार' ऐकून मी साडेचार धरले. त्यांचा अर्धा चाराच्या अलीकडे असतो, म्हणजे साडेतीन. मैत्रीण कडाक्याच्या थंडीत तासभर बसस्टॉपवर उभी होती. रागावली आणि मला तसं सांगितलंही. मी कारण सांगितल्यावर राग तिथेच संपला.

मोठ्या माणसांना नावाने हाक मारणं मात्र मला फार जड गेलं. होस्ट वडील पन्नाशीचे. पहिल्याच दिवशी म्हणाले, मला नावाने हाक मार आणि 'डू' म्हण. आईला आपण तू म्हणतो, पण बाबांच्या वयाच्या परक्या माणसाला एकेरीत? मी तीन महिने त्यांना कुठलीच हाक न मारता काढले. काही हवं असेल तर त्यांच्या समोर जाऊन उभी राहायचे. नोव्हेंबरात त्यांनीच विचारलं, "तू मला टाळतेस का?" माझा आदर त्यांच्यापर्यंत असा पोचत होता! शाळेत अगदी उलटं. शिक्षकांना 'झी'च म्हणायचं, आणि अकरावीत एका सरांनीच आम्हाला विचारलं, तुम्हाला आता 'झी' म्हणू की 'डू' चालेल? सोळा वर्षांच्या मुलांना कुणी असं विचारतं, याचं मला फार अप्रूप वाटलं.

रविवारी दुकानं बंद असतात, शनिवारीच सगळं आणून ठेवायचं. रिकाम्या काचेच्या बाटल्यासुद्धा रविवारी कुंडीत टाकायच्या नाहीत, खळखळाट होतो. वाढदिवसाच्या शुभेच्छा आदल्या दिवशी देऊ नका, अपशकुन मानतात. हे सगळं महिन्याभरात अंगवळणी पडतं.

पार्ट्यांबद्दल घरोघरी काळजी असते, म्हणून स्पष्ट लिहिते. जर्मनीत १६ वर्षं पूर्ण झाल्यावर बिअर आणि वाइन कायद्याने चालते, कडक दारूला १८ लागतात. पाठवणाऱ्या संस्थेचे नियम याहून कडक असू शकतात, ते आधी वाचा. पहिल्या पार्टीत एका मुलाने माझ्यापुढे बाटली धरली. मी म्हटलं, "नाइन, डांके." आता दहा वेळा आग्रह होणार, हसतील, म्हणून मी मनाची तयारी केली होती. तो म्हणाला, "बरं," आणि सफरचंदाच्या रसाचा सोडा आणून दिला. रात्रभर पुन्हा कुणी विचारलं नाही. ज्या सवयीने मला चार रात्री अर्धपोटी ठेवलं होतं, तिनेच मला त्या रात्री सांभाळलं. पण याची दुसरी बाजूही लक्षात घ्या: संकोचाने दिलेला 'हो' तिथे खराच 'हो' धरला जातो. मन नसेल तर हो म्हणू नका. आणि तुमचा 'नको' कुणी मानला नाही, तर ते तिथेही चूकच आहे; त्याच दिवशी होस्ट पालकांना किंवा संस्थेच्या माणसाला सांगा.

नोव्हेंबर-डिसेंबर अवघड. सव्वाचारच्या सुमाराला सूर्य मावळायचा. संस्थेच्या शिबिरात आम्हाला सांगितलं होतं की कालेर्व्हो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञाने १९६० मध्ये 'कल्चर शॉक'चे टप्पे मांडले: आधी नव्याची नवलाई, मग उबग, मग हळूहळू सावरणं. मी मनातल्या मनात माझा टप्पा शोधत बसायचे. पण माझ्याकडे एकाच दिवशी तिन्ही असायचे. रोज रात्री घरी व्हिडिओ कॉल करून मी जास्तच खचत होते. आठवड्यातून दोनदा बोलायचं ठरवल्यावर दोन्हीकडे जरा श्वास घेता आला. आईवडिलांनी हे मनाला लावून घेऊ नये.

होस्ट आईला वाटत होतं, मला एकटं राहायला आवडतं. दार बंद दिसलं की ती ठोठवायची नाही. मी दार बंद करायचे ते कुणीतरी ठोठवावं म्हणून. एका रविवारी मी बाहेर येऊन म्हटलं, "मला घरची आठवण येते आणि मला तुमच्याजवळ बसायचंय." तिने शेजारची उशी उचलली, जागा केली. बस एवढंच. पुढे काही बोललीही नाही. घरात कुणाशी बोलवतच नसेल तर ११६ १११ ही तिथली मुलांसाठीची मोफत हेल्पलाइन आहे. हा नंबर फोनमध्ये असू द्या.

मैत्री शाळेत कमी आणि क्लबात जास्त झाली. गावाचा हँडबॉल क्लब होता. मला खेळ येत नव्हता, तरी घेतलं. तिथल्या एका मुलीला मी सहज म्हटलं, "ये कधीतरी घरी." तिने लगेच फोनमधलं कॅलेंडर उघडलं. "कधी? पुढचा गुरुवार?" गुरुवारी पाचला, अगदी पाचला, ती दारात होती. आजही आमचं बोलणं होतं.

जाण्याआधी जर्मन जेवढं जमेल तेवढं शिका, पण काही वाक्यं झोपेतही म्हणता येतील इतकी पाठ करा. 'मला समजलं नाही, पुन्हा सांगाल का?' 'मला वेगळं वाटतं.' 'मला हे नको आहे.' 'मला आज बरं वाटत नाही.' आणि पहिल्या संध्याकाळसाठी, 'इश हाबे नोख हुंगर' म्हणजे 'मला अजून भूक आहे.'