डॅक घेताना आणि हाय-रेझ ऐकताना या चुका टाळा

नवा डॅक (डिजिटल फाइलचं ऐकता येणाऱ्या आवाजाच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारं उपकरण) जोडला, हाय-रेझ म्हणजे सीडीपेक्षा जास्त तपशिलाची 24 बिट / 192 किलोहर्ट्‌झची फाइल लावली, तरी फरक काही कळेना? डॅकला नावं ठेवण्याआधी त्याच्या डिस्प्लेवरचा आकडा बघा. माझा डॅक महिनाभर 192 ऐवजी 48 दाखवत होता आणि मी मात्र ‘वा, काय बारकावे!’ म्हणत ऐकत बसलो होतो.

दोष सेटिंगचा होता. विंडोज सगळे आवाज आपल्या मिक्सरमध्ये एकत्र करून एकाच ठरलेल्या सॅम्पल रेटने (सेकंदाला आवाजाचे किती नमुने, तो किलोहर्ट्‌झमधला आकडा) बाहेर सोडतं. तो रेट 48 असेल तर 44.1 ची फाइल असो की 192 ची, डॅकला 48च मिळतं. प्लेअरच्या आउटपुट सेटिंगमध्ये ‘वासापी एक्सक्लुझिव्ह’ किंवा ‘आसिओ’ निवडलं की हा मिक्सर वाटेतून बाजूला होतो. मॅकवर ‘ऑडिओ मिडी सेटअप’ उघडून रेट बदलावा लागतो, नाहीतर तो आपोआप बदलणारा प्लेअर हवा. अँड्रॉइडवरही बरेचदा हेच घडतं; तिथे स्वतःचा यूएसबी ड्रायव्हर असलेलं अॅप वापरा. आणि ब्लूटूथवरून हाय-रेझ ऐकत असाल तर एलडॅक ही ब्लूटूथची वरच्या दर्जाची ऑडिओ पद्धतसुद्धा सेकंदाला जास्तीत जास्त 990 किलोबिट पाठवते. साध्या सीडीला 1411 लागतात!

फाइल तरी खरी आहे का? एमपी3 फ्लॅकमध्ये (आवाजातलं काही न गमावणाऱ्या फॉरमॅटमध्ये) बदलली की फाइल फुगते, गेलेला आवाज परत येत नाही. ऑडॅसिटी या ऑडिओ एडिटरमध्ये स्पेक्ट्रोग्राम (कोणत्या फ्रिक्वेन्सीपर्यंत आवाज आहे ते दाखवणारं चित्र) उघडा. 16 किलोहर्ट्‌झच्या आसपास सुरीने कापल्यासारखी कड दिसली तर मूळ बहुधा कमी बिटरेटची एमपी3 आहे. 192 च्या फाइलमध्ये 22 किलोहर्ट्‌झच्या वर शुकशुकाट असेल तर सीडीच ताणून विकलेली असण्याची दाट शक्यता.

खोक्यावरच्या ‘32 बिट / 768’साठी जादा पैसे मोजू नका. सीडीचे 16 बिट म्हणजे सुमारे 96 डेसिबलची डायनॅमिक रेंज (सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातलं अंतर), आणि 44.1 मध्ये 22 किलोहर्ट्‌झपर्यंतचे सूर मावतात. तरुण, निरोगी कानही 20 च्या आसपास थांबतो. 24 बिटचा खरा उपयोग रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग करताना. हाय-रेझ आवृत्ती सरस वाटली तर आधी मास्टरिंग (रेकॉर्डिंगवर शेवटचा हात फिरवणं) वेगळं आहे का ते पाहा. माझ्या मते बहुतेक वेळा श्रेय त्याचंच असतं.

त्यापेक्षा डॅकच्या हेडफोन जॅकचा आउटपुट इंपिडन्स (विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा, ओहममध्ये) बघा. तो हेडफोनच्या इंपिडन्सच्या एक अष्टमांशाहून कमी असावा, असा ढोबळ नियम आहे. 16 ओहमच्या इअरफोनला 10 ओहमचा आउटपुट जोडला तर बास किंवा ट्रेबलचा तोल बिघडू शकतो.

दोन डॅकची तुलना करताना दोघांचा आवाज मोजून सारखा करा. किंचित मोठा वाजणारा डॅक हमखास ‘जास्त खुला’ वाटतो.

डीएसडी (एक-एक बिटने आवाज साठवणारा हाय-रेझ फॉरमॅट) लावल्यावर नुसतीच खरखर आली तर प्लेअरचा व्हॉल्यूम 100 टक्क्यांवर ठेवा आणि इक्वलायझर बंद करा. डीएसडी साध्या ऑडिओ डेटाच्या वेष्टनातून पाठवण्याच्या डीओपी पद्धतीत डेटा जराही बदलला की डॅकला तो डीएसडी म्हणून ओळखताच येत नाही.

स्पीकरमधून घूं-घूं येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. आवाज थांबला तर बहुधा ग्राउंड लूप (उपकरणांच्या अर्थिंगच्या जोडणीतून फिरणारा नकोसा प्रवाह) आहे. ऑप्टिकल केबलमधून वीज जात नाही, त्यामुळे ती लावली की डॅक लॅपटॉपपासून सुटा होतो. पण या केबलवर 96 च्या पुढे भरवसा कमी. 192 ला गाणं तुटायला लागलं तर रेट खाली आणा.