डिप स्विचवर डीएमएक्स ॲड्रेस टाकताना या चुका टाळा

डीएमएक्स म्हणजे एकाच केबलवरून स्टेजचे लाइट चालवायची पद्धत, आणि ॲड्रेस म्हणजे लाइट ज्या आकड्यापासून हुकूम ऐकतो तो आकडा. जुन्या पार लाइटना, म्हणजे स्टेजवरच्या डब्यासारख्या दिव्यांना, डिस्प्ले नसतो. मागे बारीक स्विचांची पट्टी असते, तेच डिप स्विच, आणि ॲड्रेस बायनरीत, म्हणजे फक्त ० (बंद) आणि १ (चालू) वापरून टाकावा लागतो. स्विच १ ची किंमत १, पुढे २, ४, ८ असं दुप्पट होत नवव्याची २५६. हे पाठ असलेली पोरंसुद्धा एक चूक हमखास करतात: आकडा उलटा टाकतात.

कॉलेजात शिकवतात, दोनने भागत जा आणि बाक्या खालून वर वाचा. २५ चे ११००१. कागदावर ते बरोबर आहे, कारण तिथे एककाचं स्थान उजवीकडे असतं. पट्टीवर ते डावीकडे, स्विच १ वर असतं. म्हणजे बाक्या निघाल्या त्याच क्रमाने टाकायच्या: १, ०, ०, १, १. स्विच १, ४ आणि ५ चालू. उलटवायचं कामच नाही.

एका नाट्यगृहात सहा चॅनलचे, म्हणजे प्रत्येकी लागोपाठ सहा आकडे घेणारे, पाच पार होते. ॲड्रेस १, ७, १३, १९, २५. लावणाऱ्याने सगळे कागदावरचे वाचून डावीकडून टाकले. १ आणि ७ उलटले तरी तेच राहतात, त्यामुळे पहिले दोन लाइट झकास चालले. १३ चा झाला ११, म्हणून तिसरा लाइट त्याचा फेडर (कन्सोलवरची सरकपट्टी) वर करूनही अंधारात. १९ आणि २५ ची चक्क अदलाबदल झाली. पहिले दोन चालतात म्हटल्यावर संशय गेला केबलवर. केबल बदलली, टर्मिनेटर (केबलच्या शेवटी लावायचा प्लग) बदलला, पहिली घंटा झाली तरी मंडळी प्लगच हलवत होती. मी शिडीवर चढून फक्त स्विचांची बेरीज केली. तिसऱ्यावर १, २ आणि ४ चालू, म्हणजे १ + २ + ८. अकरा!

तेव्हापासून माझ्या हाताखालच्या पोराला भागाकार करूच देत नाही. मोठ्या किमतीकडून वजा करत यायचं. २५ मधून १६ गेले, उरले ९. ८ गेले, उरला १. मग स्विचांची बेरीज तोंडाने मोठ्याने म्हणायची आणि मगच शिडी उतरायची. मोबाइलच्या ॲपमध्ये स्विचांचं चित्र मिळतं, घाईची पोरं तेच बघून टाकतात. पण लाइट उलटा टांगला की पट्टीही उलटी दिसते आणि चित्राचा उपयोग संपतो. आधी पट्टीवर छापलेला १ आणि ‘ऑन’ची बाजू शोधा. टॉर्च खिशात हवाच.

भागाकारच करायचा असेल तर १ उरल्यावर थांबू नका. एकाला दोनने भागून शून्य आलं की बाकी १ लिहा. ती लिहायची राहिली की २५ चे ९ होतात.

काही लाइटमध्ये सगळे स्विच बंद म्हणजे ॲड्रेस १. तिथे एक वजा करून टाका.

दहावा स्विच बहुतेक लाइटमध्ये ॲड्रेसचा नसतो, मोडचा, म्हणजे लाइट कोणत्या पद्धतीने चालायचा ते ठरवणारा असतो. त्याला ५१२ समजून हात लावू नका.