गोडी छाटणीनंतर फवारा हाती घेण्याआधी बागेत कोण कोणाला खातं ते बघा

नाशिककडच्या निफाड, दिंडोरी, पिंपळगावच्या पट्ट्यात द्राक्षबागांच्या गोडी छाटणीची, म्हणजे फळासाठीच्या छाटणीची, लगबग सुरू आहे. (बागलाणातल्या लवकर छाटलेल्या अर्ली बागा बऱ्याच पुढे गेल्या आहेत, तिकडच्यांनी हे आपल्या अवस्थेप्रमाणे घ्यावं.) डोळे फुटले की डाऊनी या बुरशीजन्य रोगाची धास्ती असते. पाऊस लांबला तर बुरशीनाशकाच्या फवारण्या टाळता येत नाहीत, हे मान्य आहे. पण त्याच टाकीत ‘आलोच आहोत तर’ म्हणून कीटकनाशकही ओतायची सवय पडली आहे. मार्चमध्ये घडात मिलीबग (पिठ्या ढेकूण) निघतो, त्यामागे बहुतेक वेळा हीच सवय असते.

मिलीबग वेलीचा रस पितो आणि अंगातून गोड चिकटा सोडतो. त्या चिकट्यासाठी मुंग्या येतात. चिकट्यावर काळी बुरशी वाढते आणि तो घड निर्यातीतून बाद होतो. दुसरीकडे मिलीबगला खाणारेही बागेतच असतात. ढालकिडे (लेडीबर्ड भुंगेरे) आणि क्रायसोपा या जाळीदार पंखांच्या हिरव्या किड्याच्या अळ्या त्याला खातात. अ‍ॅनागायरस नावाची बारीक गांधीलमाशी त्याच्या अंगातच अंडं घालते; तिचं पिल्लू मिलीबगला आतून खाऊन संपवतं. उरतं ते तपकिरी, कडक टरफल, त्याला बारीक भोक पडलेलं. अशी टरफलं दिसली तर समजा, तिथं काम चालू आहे.

आता या साखळीवर जहाल कीटकनाशक पडलं की काय होतं? मिलीबग बराचसा सुट्या सालीखाली, ओलांड्याच्या (वेलीच्या आडव्या फांदीच्या) खाचेत आणि मेणाच्या थराखाली असतो. औषध त्याच्यापर्यंत नीट पोहोचतच नाही. त्याला शोधत उघड्यावर फिरणारे ढालकिडे, कोळी, गांधीलमाशा मात्र पहिल्याच फवाऱ्यात मरतात. वाचलेली एक मादी शेकडो अंडी घालते, आणि खाणारा कोणी उरलेला नसतो. मित्रकीटक परत येतात, पण भक्ष्य वाढल्यावर, म्हणजे उशिरा. तोवर आपण पुढचा फवारा मारून मोकळे होतो. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक मारल्यानंतर बागेत लाल कोळी, म्हणजे पानांचा रस शोषणारा कोळी, भडकतो, तोही असाच. त्याला खाणारे परभक्षी कोळी आधी मेलेले असतात.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे: किडीचं प्रमाण बघितल्याशिवाय कीटकनाशक टाकीत घालू नका. आठवड्यातून एकदा भिंग घेऊन बागेत फिरा. पानाच्या खालच्या बाजूला अंगावर दोन काळे ठिपके असलेला, जागच्या जागी रेंगाळणारा तो लाल कोळी. चकचकीत, नासपतीच्या आकाराचा आणि भराभर पळणारा तो परभक्षी. हे पळणारे जागोजाग दिसत असतील तर कोळीनाशक थांबवा आणि चार-पाच दिवसांनी पुन्हा बघा.

सगळ्यात जास्त घात होतो तो क्रिप्टोलेमसच्या अळीचा. हा ढालकिडा मूळ ऑस्ट्रेलियाचा, भारतात 1898 साली कॉफीवरच्या खवले किडीसाठी आणला गेला. प्रौढ काळपट असतो, डोकं आणि शेपटीकडचं टोक नारिंगी. पण अळीच्या अंगावर पांढऱ्या मेणाचे लांब धागे असतात, त्यामुळे ती हुबेहूब मिलीबग वाटते. माणसंच काय, मुंग्याही तिला बऱ्याचदा ओळखत नाहीत. ‘केवढा मोठा मिलीबग’ म्हणून मजूर तिला चिरडतात. काडीनं डिवचून बघा: मिलीबग जेमतेम हलतो, ही अळी तुरुतुरु पळते. मिलीबगची मादी साधारण 3 मिलिमीटरची, ही अळी वाढून सेंटिमीटरच्या वर जाते. खोडं घासायला आणि साल काढायला येणाऱ्या प्रत्येकाला हे प्रत्यक्ष दाखवा.

क्रिप्टो विकत आणून सोडायचे असतील तर साधारण वेलीमागे 10 भुंगेरे धरतात. सगळ्या बागेत उधळण्यापेक्षा मिलीबग दिसणाऱ्या वेलींवरच सोडा, संध्याकाळी सोडा, आणि आधी मारलेल्या कीटकनाशकाचा अंश संपला आहे याची प्रयोगशाळेकडून खात्री करून घ्या. निफाडच्या कडाक्याच्या थंडीत हा किडा मंदावतो, तेव्हा एकतर थंडीच्या आधी सोडा, नाहीतर थंडी ओसरल्यावर.

त्याआधी मुंग्यांचा बंदोबस्त हवाच. चिकट्याच्या मोबदल्यात मुंग्या मिलीबगची राखण करतात, ढालकिड्यांना आणि गांधीलमाश्यांना हुसकावतात. म्हशीभोवती गुराखी असावा तशा त्या मिलीबगभोवती असतात. खोडाला पट्टी गुंडाळून तिच्यावर चिकट पदार्थ किंवा ग्रीस लावा; सालीवर थेट लावू नका. मांडवाच्या बांबूंना आणि लोखंडी अँगलनाही पट्टी हवी, नाहीतर मुंग्या तिथून तारेवर चढतात. ड्रिपच्या नळीलगत वारुळं असतात, तीही शोधा. सुटी साल काढून बागेबाहेर जाळा, बांधावर टाकू नका.

बागेत कीड शून्य झाली तर मित्रकीटक उपाशी मरतात किंवा उडून जातात. त्यांना जगवायला कडेनं चवळी आणि मका लावा. चवळीवरचा मावा द्राक्षाला लागत नाही, पण ढालकिड्यांना पोसतो. मक्याचे परागकण क्रायसोपाला आणि परभक्षी कोळ्यांना चालतात. या चवळीवर मात्र फवारा मारायचा नाही.

रांगडा (उशिरा खरिपाचा) आणि उन्हाळी कांद्यालाही मका उपयोगी आहे. लागवडीच्या किमान 30 दिवस आधी भोवती मक्याच्या दोन ओळी, किंवा बाहेर मका आणि आत गहू घेतला, तर उडत येणारे फुलकिडे बरेचसे अडतात.

गव्हात आणि उसाच्या कडेला उंदीर वाढले असतील तर धामण मारू नका; ती बिनविषारी आहे आणि उंदीर हे तिचं मुख्य खाणं. जुन्या विहिरीत, वाड्यात, गोदामात राहणाऱ्या गव्हाणी घुबडाचंही तेच. विषाचं आमिष वापरलंच, तर ते बिळात आतवर ठेवून तोंड बुजवा, आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच मेलेले उंदीर गोळा करून खोल पुरा. घुबडानं किंवा आपल्याच कुत्र्यानं ते खाल्ले तर विष त्यांच्या पोटात जातं.