ग्राइंडरमध्ये कॉफी बीन्स किती टाकायचे? हॉपर रिकामा होत आला की दळण का बदलतं

ग्राइंडरच्या बारीक-जाडच्या सेटिंगला हात लावलेला नाही, बीन्स तेच, डोस (एका वेळची मोजलेली पावडर) तोच, तरी काल २८ सेकंदात आलेला एस्प्रेसो आज २१ सेकंदातच भसाभसा वाहून गेला, असं होत असेल तर सेटिंग फिरवायच्या आधी हॉपरमध्ये, म्हणजे ग्राइंडरवरच्या बीन्सच्या भांड्यात, डोकावून बघा. बऱ्याचदा तळाशी मूठभर बीन्स उरलेले असतात आणि खरी गोम तिथेच असते.

होतं काय, की हॉपर भरलेला असला की वरच्या बीन्सचं वजन खालच्यांना दाबून ठेवतं, त्यामुळे बीन्स सलग बर्समध्ये (बीन्स दळणाऱ्या दातेरी चकत्यांमध्ये) जात राहतात, मधली जागा सतत भरलेली असते आणि तुकडे एकमेकांवर घासून थोडी बारीक भुकटीही जास्त पडते. वरचं वजन गेलं की शेवटचे बीन्स दातांवर आपटून लाह्यांसारखे वर उडायला लागतात (यालाच पॉपकॉर्निंग म्हणतात), कधी आत जातात कधी नाही, आणि दळण साधारणपणे जरा जाड पडतं. जाड पडलं की पाणी पटकन निघून जाणार. त्यात तुमचा ग्राइंडर टायमरवर चालणारा असेल तर दुहेरी मार, कारण तेवढ्याच सेकंदात पावडरही कमी पडते. म्हणून टायमरवर विसंबू नका, प्रत्येक डोस काट्यावर मोजा.

आता करायचं काय ते बघू.

१. आधी एक पद्धत ठरवा. एकतर हॉपर भरून ठेवायचा, नाहीतर दरवेळी लागतील तेवढेच बीन्स मोजून टाकायचे, म्हणजे सिंगल डोसिंग. आज हे उद्या ते केलं की सेटिंग कधीच जागेवर राहत नाही.

२. हॉपर वापरत असाल तर तो काठोकाठ भरायची गरज नाही. बर्स नीट झाकून वर चांगला थर असला की भागतं, त्याच्यावर अजून ओतलं तर दळणात फार फरक पडत नाही, उलट बीन्स शिळे होतात कारण हॉपर काही हवाबंद डबा नसतो. एक-दोन दिवसात संपतील एवढेच ठेवा, पण पातळी खूप खाली जायच्या आत भर घाला. शेवटचा दाणा संपेपर्यंत ओढत बसलात तर ते शेवटचे दोन कप वेगळेच लागणार.

३. सिंगल डोस करत असाल तर पॉपकॉर्निंग होणारच, पण ते दरवेळी सारखंच होतं, त्यामुळे रिझल्टही सारखा येतो. माझ्या मते दिवसाला एक-दोनच कप करणाऱ्याने हेच करावं. फक्त हॉपर भरलेला असतानाची सेटिंग इथे चालत नाही, बहुतेक वेळा थोडं बारीक करावं लागतं. १८ ग्रॅम टाकले तर बाहेर किती आले तेही मोजा, काही पावडर आत अडकून राहते. टाकायच्या आधी बीन्सवर पाण्याचा एकच बारीक फवारा मारून हलवा, त्याने स्टॅटिक (घासल्याने तयार होणारी वीज) कमी होतं आणि पावडर इकडेतिकडे चिकटत नाही. एकच फवारा हां, आंघोळ नाही घालायची.

४. फरक स्वतः तपासा. एकच सेटिंग ठेवून एस्प्रेसोचा एक शॉट हॉपर अर्धा भरलेला असताना काढा आणि एक अगदी तळाला आलेला असताना, दोन्हीला १८ ग्रॅम पावडर मोजून घ्या, कपात ३६ ग्रॅम येईपर्यंत किती सेकंद लागले ते लिहा. दोन-तीन सेकंद इकडेतिकडे तर एरवीही होतात, त्याने घाबरू नका, पण दरवेळी एकाच बाजूला फरक दिसला की समजा बीन्सच्या पातळीचाच खेळ आहे. आणि हो, मध्ये सेटिंग बदलली तर आधी थोडे बीन्स दळून ती पावडर टाकून द्या, आत जुनी राहिलेली असते.

आता याचा अर्थ कमी बीन्स म्हणजे वाईट दळण, असं अजिबात नाही. पोअर ओव्हर (फिल्टरमधल्या पावडरवर वरून गरम पाणी ओतून कॉफी) करणारे काही जण मुद्दाम ग्राइंडर चालू करून मग बीन्स हळूहळू सोडतात, कारण बर्समध्ये गर्दी कमी झाली की बारीक भुकटी कमी पडते आणि फिल्टर तुंबत नाही. फ्रेंच प्रेसवाल्यांनी तर एवढा विचार करूच नये, जाड दळणात हा फरक कपात फारसा कळत नाही.

हँड ग्राइंडरला मापापेक्षा जास्त भरू नका. वरचं झाकण बसतं म्हणून लोक ठासून भरतात, मग खालचा डबा भरतो आणि पावडर वर बर्सपर्यंत साचून हँडल जड होतं.

पातं फिरणाऱ्या मिक्सरसारख्या ग्राइंडरचं गणित मात्र वेगळंच. तिथे बर्स नसतात, त्यामुळे किती बारीक होणार हे तुम्ही किती टाकता आणि किती वेळ फिरवता यावरच ठरतं. फार कमी टाकले तर बीन्स भिंतींवर आपटत फिरतात आणि पात्याला नीट लागत नाहीत, फार भरले तर खाली पीठ आणि वर अख्खे बीन्स. पातं झाकलं जाईल आणि भांडं साधारण अर्धं भरेल एवढे घ्या, तीन-चार सेकंद फिरवा, थांबा, भांडं हलवा, परत फिरवा. जास्त लोकांसाठी करायची असेल तर सगळं एकदम न कोंबता दोन घाणे काढा, आणि दोन्ही घाण्यांना बीन्स सारखेच मोजून घ्या.