सामुदायिक कलासंस्थांनी हवामानबदलाची दखल कशी घ्यावी

हवामानबदलाविषयी काही करायचे ठरले की कलासंस्थेच्या बैठकीत सहसा पथनाट्याचा किंवा चित्रप्रदर्शनाचा प्रस्ताव येतो. तो गैर नाही. मात्र त्याआधी संस्थेने स्वतःच्या कामातून होणाऱ्या कार्बन उत्सर्जनाचा हिशेब मांडावा, कारण डिझेल जनरेटरच्या घरघरीत सादर झालेले पर्यावरणावरील नाटक प्रेक्षकांना पटणे कठीण असते.

या हिशेबासाठी तज्ज्ञ नेमण्याची गरज नाही. मागील वर्षाची वीजबिले, इंधनाच्या पावत्या आणि वाहनभाडे, नेपथ्य व छपाई यांची देयके एकत्र करावीत. एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, त्यामुळे जनरेटर आणि सामानाची गाडी यांचा आकडा सरळ गुणाकाराने मिळतो; विजेसाठी देशातील अधिकृत उत्सर्जन गुणांक, म्हणजे एका युनिट विजेमागे किती कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो तो आकडा, वापरावा. प्रेक्षकांच्या प्रवासाचा मात्र अंदाजच बांधावा लागतो. कोठून आणि कोणत्या वाहनाने आलात, एवढे प्रवेशद्वारावर विचारले तरी काम भागते. हा आकडा बहुधा सर्वांत मोठा निघतो आणि नेमका तोच टाळण्याकडे संस्थांचा कल असतो. निमंत्रणपत्रिका छापाव्यात की नाहीत यावर तासभर वाद घालण्यापेक्षा प्रयोग शेवटच्या बसच्या आधी संपेल अशी वेळ ठरवणे अधिक उपयोगाचे आहे.

नेपथ्याचा विचार संहिता हातात आल्यावर लगेच करावा, कारण आराखडा मंजूर झाल्यानंतर जुने साहित्य शोधायला वेळ उरत नाही. ठरावीक मापाच्या चौकटी व पायऱ्या तयार ठेवाव्यात, जोडकामात डिंकाऐवजी स्क्रू वापरावेत आणि परिसरातील दोन-तीन संस्थांनी मिळून एक कोठार चालवावे. कोठाराची यादी अद्ययावत ठेवणारी व्यक्ती नसेल, तर तेथे केवळ अडगळ साचते. जुने हॅलोजन दिवे जसजसे निकामी होतील तसतसे एलईडी घ्यावेत आणि तालमीला रंगमंचीय प्रकाशयोजना लावूच नये.

उत्सर्जन कमी करण्याइतकीच बदललेल्या हवामानात काम चालू ठेवण्याची तयारीही महत्त्वाची आहे, आणि तिच्याकडे फारच कमी लक्ष दिले जाते. उष्णतेच्या लाटेत किंवा अतिवृष्टीत कार्यक्रम रद्द करण्याचा निर्णय कोण घेणार, कोणत्या इशाऱ्यानंतर घेणार आणि कलाकार व तंत्रज्ञांना मानधनाचा किती भाग मिळणार, हे करारातच लिहावे. अन्यथा नुकसान सर्वांत कमी मानधन घेणाऱ्याच्या माथी येते. वेशभूषा, वाद्ये आणि जुनी ध्वनिमुद्रणे तळघरातून वरच्या मजल्यावर हलवावीत. सभागृह हवेशीर असेल, तर कडक उन्हाच्या दुपारी ते वृद्धांसाठी व लहान मुलांसाठी खुले ठेवण्याबाबत स्थानिक प्रशासनाशी बोलून घ्यावे.

कलाकृतीचा विषय ठरवताना हिमनग आणि ध्रुवीय अस्वले यांच्यापेक्षा आटलेली विहीर, बदललेला पेरणीचा काळ किंवा उन्हात काम करणाऱ्यांचे तास यांच्यापासून सुरुवात करावी. अर्थात, हिमनगही प्रभावी ठरू शकतो: कलाकार ओलाफुर एलियासन यांनी भूगर्भशास्त्रज्ञ मिनिक रोझिंग यांच्यासह २०१५च्या पॅरिस हवामान परिषदेच्या वेळी ग्रीनलँडमधील बर्फाचे बारा प्रचंड तुकडे शहरातील चौकात वितळू दिले. बर्फ इतक्या दूरवर वाहून आणण्यावर टीका झाली. पण त्या प्रकल्पाचे उत्सर्जन मोजून जाहीर करण्यात आले होते, आणि लहान संस्थांनी घ्यावा तो धडा हाच आहे. लोकांच्या आठवणींवर प्रयोग उभारताना त्यांची संमती, श्रेयनामावलीत नाव आणि योग्य मोबदला यांची आधी निश्चिती करावी, तसेच संहितेतील वैज्ञानिक विधाने जाणकाराकडून तपासून घ्यावीत.

प्रायोजकांचा प्रश्न अवघड आहे. कोणाचा निधी स्वीकारायचा नाही हे प्रस्ताव समोर नसतानाच लिहून ठेवावे, कारण भाडे थकलेले असताना तत्त्वाची चर्चा प्रामाणिकपणे होत नाही. इंग्लंडच्या कला परिषदेने २०१२ पासून आपल्या नियमित अनुदानित संस्थांना पर्यावरणविषयक अहवाल देणे बंधनकारक केले. तुमच्या अनुदानदात्याने अशी अट घातलेली नसली, तरी वार्षिक जमाखर्चाशेजारी वीज, इंधन आणि प्रवास यांचे आकडे छापण्यास कोणाच्या परवानगीची आवश्यकता नाही.